चिन्हांच्या चिठ्ठ्या

किसनराव अकोल्याहून आले तेव्हा डोमाजीच्या हातात स्टिक होती आणि स्टिकमध्ये गुणाकाराची एक ओळ अर्धी भरलेली होती.

स्टिक म्हणजे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायची हातातली पट्टी. अमरावतीच्या त्या छापखान्यात असा दंडक होता की जुळाऱ्याच्या हातात स्टिक असली की ओळ पुरी होईपर्यंत त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. मध्येच हाक मारली की खिळा उलटा बसतो, मग मुद्रितात, म्हणजे तपासायच्या कच्च्या छापात, निस्तरत बसावं लागतं. गिऱ्हाईक असो, नाहीतर खुद्द मालक असो, ओळ भरेपर्यंत प्रत्येकानं थांबायचं. किसनरावांना हे माहीत नव्हतं. ते सरळ आत आले, पण यंत्रावरच्या माणसानं हात आडवा धरून त्यांना दाराशीच उभं केलं.

डोमाजीनं मान वर केली आणि साडूला पाहिलं. किसनराव अकोल्याच्या गिरणीत कामाला होते. त्यांच्या अंगावर गिरणीचेच कपडे होते, डोक्यावर कापसाची तुसं तशीच होती. पाळीच्या वेळी कपडे न बदलता माणूस गाडीत बसून येतो, तेव्हा तो काय सांगायला येतो हे डोमाजीला कळलं. कळूनही त्यानं खाली पाहिलं आणि ओळ पुढं भरली. आकडा, गुणिले, आकडा, बरोबर. शेवटी उरलेल्या जागेत कोरे खिळे बसवले, ओळ घट्ट केली, स्टिक टेबलावर ठेवली, मग म्हणाला, "बोला."

"मैना गेली, बापा," किसनराव म्हणाले. "पाहाटे."

ती ओळ पुढं मुद्रितात आली. एकही खिळा चुकला नव्हता. याचं डोमाजीला बरेच दिवस वाईट वाटत राहिलं.

बडनेऱ्याला गाडी बदलून दोघं अकोल्याला गेले. मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबली. पलीकडं शकुंतलेचे, म्हणजे अरुंद रुळांवरच्या गाडीचे, लहान डबे उभे होते आणि त्यात बायका सरकीची पोती चढवत होत्या. किसनरावांनी चहा आणून दिला. डोमाजीनं कप धरला आणि गाडी हलेपर्यंत तसाच धरून ठेवला. मग चहावाल्यानं खिडकीतून हात घालून तो भरलेला कप परत घेतला.

डोमाजीच्या बायकोला, मैनाला, कावीळ झाली होती. अमरावतीला घरात दोघंच, मूल नाही, सासू नाही, आणि डोमाजी दिवसभर छापखान्यात. म्हणून तिची थोरली बहीण, किसनरावांची बायको केशरबाई, तिला माघात अकोल्याला घेऊन गेली होती. तिथं मोठा दवाखाना होता, आणि उसाचा रस, पथ्यपाणी बघायला केशरबाई होती. दर रविवारी डोमाजी जाऊन यायचा. मागच्याच रविवारी मैना उठून भिंतीला टेकून बसली होती आणि म्हणाली होती, "आता उतरून राह्यलं. डोळे पाहा, पिवळे दिसतात काय?" त्यानं पाहिले होते. डोळे पिवळे होते. तो म्हणाला होता, "नाही दिसत."

मोर्णा नदीच्या काठी तिला नेलं. धम्मदीक्षा घेऊन अजून दीड वर्ष झालं नव्हतं, आणि त्या वस्तीत दीक्षेनंतरचं ते पहिलंच मरण होतं. काय म्हणायचं ते कुणालाच नीट पाठ नव्हतं. कचेरीतला एक कारकून छापील पुस्तिका घेऊन आला. तो एकेक ओळ वाचायचा आणि लोक मागून म्हणायचे. दहाव्या दिवशी कावळ्याला काही ठेवलं नाही. ठरलंच होतं तसं. केशरबाईनं स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं आणि भांडी घासता घासता डोमाजीला म्हणाली, "तुमचं बराबर हाय, बापू. पन मले असं वाटून राह्यलं का ती उपाशी गेली." डोमाजीनं घासलेली भांडी उचलून आत नेऊन ठेवली.

*

मैनाच्या सामानात एक बोचकं होतं. त्यात मुद्रितं होती, चिठ्ठ्यांचा दोऱ्यानं बांधलेला गठ्ठा होता आणि निळी पेन्सिल होती.

ते काय काम होतं, ते सांगायला हवं. मास्तर होऊ पाहणाऱ्यांना शिकवणारे काळमेघ गुरुजी म्हणून एक गृहस्थ अमरावतीत होते. त्यांनी मास्तरांसाठी अंकगणिताचं एक पुस्तक लिहिलं होतं. डोमाजीच्याच छापखान्यात ते छापलं होतं, आणि डोमाजीनंच ते जुळवलं होतं. मैना सातवी पास होती आणि वस्तीतल्या बायकांचा वर्ग घेत होती. गुरुजी तिला ओळखत होते. त्यांनी मुद्रितं वाचायचं आणि शेवटची सूची करायचं काम तिला दिलं.

सूची म्हणजे पुस्तकाच्या मागं असते ती. कोणती गोष्ट कोणत्या पानावर आहे ते सांगणारी, अआइई लावलेली. शब्दांचं सोपं असतं. पण अंकगणितात अधिक, उणे, गुणिले, भागिले अशी चिन्हं असतात. ÷ हे चिन्ह कोणत्या अक्षराखाली लावायचं? खेड्यातला नवा मास्तर ते चिन्ह पाहून अडला तर तो सूचीत कुठं बघेल? गुरुजींनी विचार केला होता की चिन्हं सोडूनच द्यावीत. मैना म्हणाली, "माणूस त्याले जे म्हणते, तेथं लावू. जेवढी नावं, तेवढ्या चिठ्ठ्या." म्हणून ÷ भागाकारात आलं, भागिलेमध्ये आलं आणि वाटणीतही आलं. पानांचे आकडे मात्र एकाच मुख्य चिठ्ठीवर. बाकीच्या चिठ्ठ्यांवर नुसतं 'तिकडं पाहा'. पुढं पानं बदलली तरी एकच चिठ्ठी बदलावी लागावी, म्हणून. छापखान्यातल्या कागदाच्या कातरणाच्या त्या चिठ्ठ्या ती संध्याकाळी ओसरीवर मांडायची. डोमाजी मदतीला बसला की अक्षरं आपल्या केसमधल्या, म्हणजे खिळ्यांच्या खोक्यातल्या, खणांच्या क्रमानं लावायचा. जी जास्त लागतात ती मधे, कमी लागतात ती कडेला. मैना हसायची. "तुमची बाराखडी खोक्यातली आहे. उठा, भाजी चिरा."

आता दुसरी आवृत्ती निघत होती. नवे पैसे आले होते, आणे-पै गेले होते. पुस्तकातलं आण्यांचं अख्खं प्रकरण गळालं आणि शेवटी असलेले दशांश पुढं आले. सगळी पानं हलली. जुन्या सूचीतला एकही आकडा खरा राहिला नाही. मैना अकोल्याला गेली तेव्हा तोवर निघालेली मुद्रितं बरोबर घेऊन गेली होती. गुणाकारापर्यंत तिच्या खुणा होत्या. सूचीत घ्यायच्या चिन्हाभोवती निळ्या पेन्सिलीचा गोल आणि समासात ते ज्या नावाखाली लावायचं ते नाव. पुढची पानं कोरी होती.

गुरुजी छापखान्यात भेटायला आले. बसले, मैना गेली तेव्हाची चौकशी केली, आणि मग म्हणाले, "सूचीचं ओझं आता घेऊ नका मनावर. शब्दांची मी करतो. चिन्हं या खेपेला राहू द्या."

"पहिल्या खेपेला होती," डोमाजी म्हणाला.

"ती मैनाबाईंनी केली होती."

"म्हणूनच."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "तुमच्यानं होईल?"

"खिळे मीच लावले आहेत, गुरुजी. कोणतं चिन्ह कुठं आहे, ते माझ्याइतकं कोणाला माहीत?"

गुरुजींनी नागपंचमीपर्यंत वेळ दिला. त्यानंतर शेवटचा फर्मा, म्हणजे जुळवलेल्या पानांचा बांधलेला साचा, यंत्रावर चढवावाच लागणार होता, कारण मास्तरांचे वर्ग सुरू होणार होते. तोवर चिन्हं झाली नाहीत तर सूची शब्दांचीच छापली जाईल असं ठरलं. मैनाचं नाव त्या पुस्तकात कुठंच नव्हतं. चिन्हांची ती दोन पानं तेवढी तिची होती.

*

डोमाजीनं काम मनापासून केलं. रोज छापखान्यातून आला की चूल पेटवायच्या आधी तो मुद्रितं घेऊन ओसरीवर बसायचा. अधिक दिसला की गोल. उणे दिसला की गोल. एकही सोडला नाही. प्रत्येक खिळा त्यानं स्वतः चिमटीत धरला होता, मग त्यातला एक घ्यायचा आणि एक टाकायचा, हे त्याच्या मनात आलंच नाही. मैनानं खुणा केलेली पानं त्याला अर्धवट वाटली. आजारात तिच्यानं झालं नसेल असं समजून त्यानं त्या पानांवरचे सुटलेले गोलही भरून काढले.

चिठ्ठ्यांवर आकडे चढवायला लागला तेव्हा अधिकाची चिठ्ठी भरली. त्यानं दुसरी जोडली. मग तिसरी जोडली. तो गठ्ठा घेऊन गुरुजींकडे गेला.

गुरुजींनी चिठ्ठी वाचायला घेतली आणि वाचता वाचता खाली ठेवली. त्यांनी आतून पाणी मागवलं, डोमाजीला दिलं. मग म्हणाले, "डोमाजी, ही सूची नाही झाली. ही खिळ्यांची मोजणी झाली. अंकगणिताच्या पुस्तकात अधिक तर पानोपानी असणारच. मास्तर काय शोधेल? अधिक वापरलाय कुठं, ते नाही शोधणार. अधिक शिकवलाय कुठं, ते शोधेल."

"पण मग तिनं कोणते घेतले?"

"तेच. शिकवलाय तिथले."

"ते कसं ओळखू?"

गुरुजींनी पान उघडून दाखवलं. इथं शिकवलाय, इथं नुसता वापरलाय. डोमाजीनं मान डोलावली. घरी येऊन पान पुन्हा उघडलं तेव्हा त्याला सगळीकडे शिकवलेलंच दिसलं. तो शाळेत दोन यत्ता शिकलेला. त्याला जे येत होतं ते खिळे लावता लावता आलेलं, एकेक अक्षर करून. त्याला सगळ्याच ओळींनी शिकवलं होतं.

आणि आता त्याच्या ध्यानात आलं की मैनाच्या पानांवर आपण आपले गोल काढून बसलो आहोत. पेन्सिल एकच, निळी. तिचे कोणते आणि आपले कोणते, हे त्याला सांगता येईना. त्यानं रबर हातात घेतला आणि परत ठेवला. तिचाच गोल पुसला गेला तर?

*

मैनाची पेटी अकोल्यालाच राहिली होती. ती आणायला चैत्रातल्या एका रविवारी डोमाजी गेला. मुद्रितं पिशवीत होतीच, ती तो कुठंच ठेवून जात नव्हता. अकोला आधीच तापलं होतं. केशरबाईनं खिडकीला ओलं पोतं लावलं होतं आणि जमिनीवर बसून ती ज्वारी निवडत होती. किसनराव पाळीवर गेले होते.

पिशवीतून कागद बाहेर डोकावताना केशरबाईनं पाहिले. "हे कागद आनले का? हे त ती मले वाचून दाखवे."

"कधी?"

"आता आजारात. आन् पयल्या बुकाच्या वक्ताले बी, मी अमरावतीले याची तवा. तिचं मले लय काम पडे म्हने. मी म्हटलं, मले अक्षर वयखू येत नाई, माह्यं काय काम? त म्हने, तेच काम हाय."

डोमाजीनं पिशवी खाली ठेवली. "काय करायची ती?"

"पान वाचे. मंग त्या खुनेवर बोट ठेवे आन् मले इचारे, सांग, हे काय करते? मले त्या पानातलं काई नवं सांगता आलं का गोल काढे. नाई आलं त नाई काढे, फुडं जाये." केशरबाईनं ज्वारीतला खडा उचलून टाकला. "एकदा मी खोटंच म्हटलं, समजलं. त तिनं मले उलटं इचारलं. मंग दिवसभर बोलली नाई माह्याशी. लय कडक मास्तरीन होती."

डोमाजी उठून तिच्यासमोर बसला. पानं काढली. "बाई, यातले तिचे गोल कोणते, तुम्हाला आठवतं?"

"आठवाचं काय त्यात? दिसतेच नं." तिनं हात पदराला पुसले आणि पान उन्हाच्या कवडशाकडे धरलं. "हा तिचा. हा तुमचा. हा बी तुमचा. केवढे दाबून काहाडले, कागद फाटला असता."

"ओळखता कसे?"

"तिच्या गोलाले तोंड राहे. टोकाले टोक कधी लागलंच नाई. रांगोळी बी तशीच काहाडे. माय बोंबले तिच्यावर."

डोमाजीनं पाहिलं. खरंच, काही गोल उघडे होते. इतके दिवस तो ते पाहत होता आणि त्याला दिसले नव्हते. स्वतःच्या पेन्सिलीच्या खुणा तो रबरानं पुसू लागला, केशरबाई बोट ठेवत गेली, आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत मैनाची पानं पुन्हा मैनाची झाली.

मग डोमाजीनं विचारलं, "पुढची पानं मी वाचली तर ऐकाल?"

केशरबाईनं निवडलेली ज्वारी बाजूला सारली. "तिच्यासारखं वाचता यीन का तुमाले?"

"नाही येणार."

"मंग वाचा," ती म्हणाली.

*

त्यानंतर दर रविवारी तो जात राहिला. वाचणं त्याला जड जायचं. खिळे उलटे वाचायची सवय होती, सरळ अक्षर मोठ्यानं वाचायची नव्हती. तो अडखळला की केशरबाई म्हणायची, "घाई नाई, बापू. गाडी सांजीले हाय."

भागाकाराला त्यांना फार वेळ लागला नाही. गुरुजींनी वाटणीचं उदाहरण दिलं होतं. ते ऐकून केशरबाई म्हणाली, "हे त भाकरी वाढनं झालं. इतक्या भाकरी, इतके मानसं, एकाले किती. आन् उरली त जिनं केली तिले."

"तसं लिहिलेलं नाही इथं."

"नसन लिवलं. तसंच असते."

त्यानं गोल काढला. तिनं कागद ओढून पाहिला. "आता हलका काहाडला."

बरोबरचं चिन्ह त्यांना एका दुपारी सापडलं. गुरुजींनी तागडीचं चित्र घातलं होतं आणि डोमाजीनं ते शब्दांत सांगितलं. केशरबाईनं दोन्ही हात पारड्यांसारखे धरले आणि म्हणाली, "इकडं जितकं तितकं तिकडं. समजलं." मग हात तसेच धरून ती रडायला लागली. डोमाजीनं पान बंद केलं नाही. तो थांबला. तिचं रडणं झालं, मग तिनं विचारलं, "काहाडला का गोल?" त्यानं काढला.

कधी किसनराव घरी असायचे. ते खाटेवरून म्हणायचे, "काय साडभाऊ, आमच्या बायकोले मास्तरीन करता का? गिरनीत हिशेबनीस पायजे म्हने, नेऊ का हिले?" केशरबाई म्हणायची, "तुमी झोपा. तुमाले विचारलं त एक बी गोल निघनार नाई." किसनराव हसून कुशीवर वळायचे. मैना गेल्यानंतर त्या घरात कुणी हसलेलं डोमाजीनं तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

एक दिवस गुरुजींनी त्याला बोलावून प्रस्तावना दाखवली. तीत एक ओळ नवी होती. सूचीतील चिन्हांचे काम कै. मैनाबाई तायडे यांनी केले. डोमाजीनं ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

"गुरुजी, ते कै. काढा."

गुरुजींनी वर पाहिलं. "का?"

"कैलासवासी म्हणजे कैलासावर गेली. आम्ही आता तसं मानत नाही. ती तर मुळीच मानत नव्हती."

गुरुजी कुणबी घरातले, देवघर असलेले. "मग काय लिहू? नुसतं नाव लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, बाई हयात आहेत."

"वाटू द्या," डोमाजी म्हणाला.

गुरुजींनी ते अक्षर खोडलं.

*

मग दशांशचिन्ह आलं.

पहिल्या आवृत्तीत ते पुस्तकाच्या शेवटी होतं आणि कुणाला फारसं लागत नव्हतं. आता नव्या पैशांमुळं तेच सगळ्यांना लागणार होतं. खेड्यातले मास्तर आधी तेच शोधणार, असं गुरुजी म्हणाले होते. मैना तिथवर पोचली नव्हती. त्या पानाविषयी ती काय म्हणाली असती, हे केशरबाईलाही माहीत नव्हतं.

डोमाजीनं पान वाचलं. रुपयाचे शंभर भाग, त्यातला एक म्हणजे नवा पैसा.

"शंबर? चौसष्ट नं?"

"आता शंभर."

"बरं. आन् ठिपका काय करते?"

"ठिपक्याच्या इकडं रुपये, तिकडं पैसे."

"म्हंजे भित झाली मधात. समजलं." तिनं थोडा विचार केला. "मंग पाच रुपये पाच पैसे म्हंजे पाच, ठिपका, पाच."

"नाही. पाच, ठिपका, शून्य, पाच."

"शून्य काहून? शून्य म्हंजे काहीच नाई. काहीच नाई त लिवाचं काहून?"

डोमाजीनं पान पाहिलं. ते शून्य त्यानं स्वतः जुळवलं होतं, पुष्कळ वेळा, आणि कधी चुकवलं नव्हतं. ते तिथं लागतं हे त्याला माहीत होतं. का लागतं हे माहीत नव्हतं. त्यानं परिच्छेद पुन्हा वाचला. शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांच्या पेट्या, त्यातले थर, थरातली फळं, असं काही तो स्वतःच्या मनानं सांगायला गेला आणि मध्येच हरवला.

"ती असती त सांगतलं असतं," केशरबाई म्हणाली. तिनं ते सहज म्हटलं, टोचायला नाही. डोमाजीनं गोल काढला नाही.

त्यानं ते गुरुजींना सांगितलं. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "शून्य जागा धरून ठेवतं, डोमाजी. दहा पैशांच्या नाण्यांची जागा. तुमच्याकडे दहाचं नाणं एकही नाही, पण त्याची जागा मोडता येत नाही. तिथं दुसरं कुणी बसलं की हिशोब चुकतो." डोमाजीला ते लगेच कळलं. छापखान्यातही ओळीत अक्षर नसतं तिथं कोरा खिळा बसवावाच लागतो, नाहीतर ओळ ढिली पडून सगळं सांडतं. गुरुजींनी तो परिच्छेद नव्यानं लिहून दिला, डोमाजीनं तो जुळवला, आणि ओलं मुद्रित घेऊन तो पुढच्या रविवारी अकोल्याला गेला.

केशरबाईला त्या दिवशी बरं नव्हतं. ती पडल्या पडल्या ऐकत होती. डोमाजीनं सावकाश वाचलं. वाचून झाल्याबरोबर ती म्हणाली, "समजलं, बापू. काहाडा गोल."

त्यानं पेन्सिल उचलली. मग तिच्याकडं पाहिलं. "पाच रुपये पाच पैसे?"

ती छताकडं पाहत राहिली.

"बाई?"

"तुमी थकले," ती म्हणाली. "दर आइतवारी येता. मुद्दत जवळ आली म्हनता. एका गोलानं काय होते? काहाडून टाका, मी कोनाले सांगनार नाई."

डोमाजीनं पेन्सिल खाली ठेवली. "तिनं काढला असता?"

केशरबाईनं तोंड भिंतीकडं केलं. भिंतीकडंच पाहत म्हणाली, "नाई."

मग ती उठून बसली, डोकं बांधलं आणि म्हणाली, "वाचा परत." त्यानं वाचलं. गाडीची वेळ होईपर्यंत तो वाचत राहिला. तिला भाग समजले, नाणी समजली. पण जे नाही त्याची जागा कशाला धरायची, तेवढं तिला पटेना. "गेलं त गेलं," ती म्हणाली. "जागा काय मोकळी ठेवाची?"

पानं पिशवीत घालून डोमाजी स्टेशनवर आला.

सोमवारी त्यानं सूची जुळवली. अधिक, उणे, गुणिले, भागिले, बरोबर, कंस. प्रत्येकाची जेवढी नावं, तेवढ्या जागा. आकडे मुख्य ओळीवर. गुरुजींनी मुद्रित वाचलं, ठीक म्हणाले, आणि दशांशचिन्हाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"इथला आकडा?"

"अजून नाही."

"पान तर माहीत आहे, डोमाजी. मी घालतो."

"पान मलाही माहीत आहे," डोमाजी म्हणाला. "ते वाचून कोणाला समजलं की मग घालायचा. तिचं तसं होतं. अजून एक रविवार आहे."

गुरुजींनी मुद्रितावर सही केली आणि आकड्याची जागा तशीच सोडली.

फर्मा बांधून यंत्राशेजारी ठेवला आहे. सगळी सूची झाली आहे. दशांशचिन्हापुढं कोरे खिळे बसवून जागा धरली आहे, आकडा घालायचा राहिला आहे.